उत्तरेची खूण

जूनच्या शेवटच्या सोमवारी सकाळी पावणेसात वाजता बाल्कनीत पडलेला स्पंज उचलायला मी वाकलो आणि आधाराला म्हणून रानऑलिव्हच्या खोडाला धरलं. बसमधल्या दांडीला धरतात तसं, काहीही विचार न करता. खोड सरळ कलंडलं आणि बुंध्यासकट लाकडी पेटीबाहेर आलं. ओढावं लागलं नाही. हिरडीने सोडलेला दात येतो तसं आलं. एका हातात स्पंज, दुसऱ्या हातात बारा किलोचं झाड, अशा अवस्थेत मी पाल्मा शहराकडे पाठ करून थोडा वेळ उभा राहिलो. मग झाड उलटं करून बघितलं. जिथे मुळं असायला हवी होती तिथे धुतलेल्या टाचेसारखा स्वच्छ तळ होता, जानेवारीत मीच करवतीने कापला होता तसाच. आणि दुसऱ्या टोकाला नऊ फुटवे, बोटबोटभर लांब, तजेलदार, हुशार मुलांसारखे वर बघणारे. माझं काम लिफ्ट तपासण्याचं आहे, त्यामुळे मला या गोष्टी मजल्यांच्या भाषेत सुचतात. वरच्या मजल्यावर समारंभ चालू होता आणि तळमजला बांधलेलाच नव्हता.

आत स्वयंपाकघरात आई रेडिओवरच्या हवामानवाल्याशी भांडत होती. तिने आतूनच विचारलं, काय पडलं रे? मी म्हटलं, स्पंज. स्पंज एवढा वाजतो? ओला होता, मी म्हटलं. तिचं समाधान झालं असावं, कारण ती परत हवामानवाल्याकडे वळली. मी खोड पेटीत ठेवलं, मातीऐवजी घातलेले प्यूमिसचे हलके, सच्छिद्र खडे त्याच्याभोवती दाबले, वरून हाताने सारखे केले, आणि गुन्हा करून आलेल्या माणसासारखी बोटं पँटला पुसली. तेव्हा लक्षात आलं की मला झाडाची काळजी वाटत नव्हती. आईची वाटत होती, आणि ती इतकी अचानक वाटायला लागली की मला बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसावं लागलं.

कारण झाड आणि आई एकाच दिवशी आणली होती. सतरा जानेवारीला, संत आंतोनीच्या दिवशी, डोंगरातल्या आमच्या गावात चौकाचौकात होळ्या रचलेल्या असताना मी कंपनीची व्हॅन घेऊन गेलो होतो. नोव्हेंबरात आई ऑलिव्ह काढताना शिडीवरून पडली होती. मनगट मोडलं ते सोडा, पण ती सकाळी सातपासून पावाची गाडी येईपर्यंत झाडाखाली आडवी होती, आणि पाववाल्याने विचारलं तेव्हा म्हणाली, जरा सावलीत पडलेय. त्याच्या आदल्या वर्षी ती कोरड्या टाक्यात पडली होती आणि ते मला आठ महिन्यांनी कळलं. मी एकुलता एक. मी ठरवलं. तिला विचारलं असं म्हणता येणार नाही. मनगट प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला जितपत विचारतात तितपत विचारलं. आणि तिचं सामान बांधून होईपर्यंत वेळ होता म्हणून घरामागच्या पडीक बांधावरचं रानऑलिव्ह खणून काढलं, ज्याच्यावर माझा तीन वर्षं डोळा होता. शेळ्यांनी शंभर वर्षं खाऊन खाऊन गुडघ्याएवढंच ठेवलेलं, पण बुंधा माझ्या दोन मांड्यांएवढा. खणण्याआधी खोडाच्या उत्तरेकडच्या अंगाला निळ्या खडूने खूण केली. ही दामिया मास्तरांची पहिली शिकवण: झाड नव्या जागी ठेवताना उत्तरेचं अंग उत्तरेलाच राहिलं पाहिजे, नाहीतर सावलीला सवकलेली साल उन्हात भाजते. व्हॅनमध्ये खोड मधल्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा लावला. आईने पट्टा लावायला नकार दिला. वळणावळणांवर तिने चांगल्या हाताने खोडाला धरून ठेवलं होतं. त्याने तिला धरलं होतं की तिने त्याला, ते मला रस्त्यावर लक्ष असल्यामुळे नीट दिसलं नाही.

दामिया मास्तर म्हणजे आमच्या बोन्साय मंडळाचे प्रमुख, निवृत्त बस ड्रायव्हर. दर गुरुवारी टायरच्या दुकानामागच्या गॅरेजात आम्ही अकरा जण जमतो आणि एकेका कुंडीभोवती उभे राहून तिचा चेहरा कुठला यावर वाद घालतो. झाडाला चेहरा असतो. तो एकदा ठरला की फांद्या तारेने त्या अंगाने वळवायच्या, मेलेलं लाकूड कोरायचं, चुना-गंधकाच्या पाण्याने पांढरं करायचं. आईने तो वास एकदा घेतला आणि विचारलं, सडक्या अंड्यांनी रंगवता आणि कला म्हणता? मास्तरांनी तीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवली आहे, त्यामुळे त्यांना कुठेही पोचायची घाई नसते. ते म्हणतात, पहिल्या वर्षाच्या पाल्यावर विश्वास ठेवायचा नाही. खोडाच्या पोटात जुनं साठवलेलं असतं, ते खाऊन ते फुटवे काढतं. मुळं नसली तरी काढतं. ऑलिव्ह मेलेलं असलं तरी त्याला स्वतःला ते कळायला दोन वर्षं लागतात.

मी उंबऱ्यावर बसून हेच आठवत होतो, आणि आत आई हसली. मोठ्याने. हवामानवाला काहीतरी बोलला असेल. हे हसणं मला एप्रिलपासून ऐकू येत होतं आणि मी मूर्खासारखा त्याच्यावर खूश होतो. बाबा अकरा वर्षांपूर्वी गेले. ऑलिव्हच्या खोडात प्रत्येक मुळाची वर जायची स्वतःची वाट असते. एखादं मूळ तुटलं तर त्याच्या वाटेवरची तेवढीच पट्टी वाळते, फांदीपर्यंत, आणि बाकीचं झाड जणू काही झालंच नाही अशा थाटात उभं राहतं. बाबा गेले तेव्हा आईची एक पट्टी गेली. दुपारची झोप गेली, बदामाची मिठाई गेली, मोठ्याने हसणं गेलं. बाकी आई चालू राहिली. आणि वाळलेली पट्टी परत हिरवी होत नाही. मी आठ वर्षं गॅरेजात उभा आहे, अशी एकही बघितलेली नाही. मग हे हसणं कुठून येत होतं? एप्रिलमध्ये झाडाला फुटवे आले त्याच आठवड्यात आई स्वतः लिफ्टने खाली गेली होती, त्याआधी ती तीन मजले जिन्याने उतरायची कारण तिच्या मते मी तपासतो त्या यंत्रावर विश्वास ठेवणं बरं नव्हे. मे महिन्यात तिने लाल सपाता घेतल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या कोलोमाबाईंबरोबर मासळीबाजारात जाऊन माशाच्या डोळ्यावरून विक्रेत्याची लाज काढायला लागली. मी मंडळात अभिमानाने सांगायचो, आई छान रुळली. आता त्या सपाता, ते हसणं, तो माशाचा डोळा, सगळं मला नऊ फुटव्यांसारखं दिसायला लागलं. पोटातलं खाऊन काढलेलं.

तसं मी नियमांत काही कमी केलं नव्हतं. आली तेव्हा पहिला आठवडा तिला झोप नव्हती. म्हणाली, डोकं कुठेतरी भलतीकडे जातंय. मला लगेच खडूची खूण आठवली; खोडाला केली होती, पलंगाला करायची राहिली होती. मग मी डोळे मिटून गावच्या खोलीतल्या पलंगावर जाऊन पडलो, म्हणजे मनाने. लहानपणी हिवाळ्यात मी आईबाबांच्या पलंगावरच झोपायचो, आणि सकाळचं पहिलं ऊन डाव्या गालावर यायचं. डावा गाल पूर्वेला, म्हणजे डोकं उत्तरेला. फोनमधलं होकायंत्र काढून मी पलंग अंशाअंशाने फिरवला आणि बरोबर उत्तरेला लावला. त्यामुळे खोलीचं दार वीतभरच उघडायला लागलं आणि कपाटाचं उजवं दार उघडायचं बंद झालं. तेव्हापासून मी आईच्या खोलीत पोट आत घेऊन, आडवा होऊन शिरतो, आणि आई फक्त डाव्या दारामागचे कपडे घालते. मी एकदा विचारलं होतं, उजवीकडचे काढून देऊ का? नको, म्हणाली, तिकडे काही विशेष नाही. शिवाय पहिल्या वर्षी खत घालायचं नसतं, म्हणून मी तिला फार पाहुणे भेटू दिले नाहीत. वाऱ्यात ठेवायचं नसतं, म्हणून बाल्कनीचं दार बंद. आणि रोज रात्रीचं जेवण झालं की मी विचारायचो, आई, बरं वाटतंय ना इथे? ती म्हणायची, बरं आहे की. गावच्या घराची किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर मुद्दाम तिच्या डोळ्यांसमोर टांगली होती. ती एक शब्द वेगळा बोलली असती तर मी रात्रीतून व्हॅन काढली असती. पण ती तेवढंच म्हणायची. बरं आहे की. दीडशे वेळा तरी म्हणाली असेल.

तीन दिवस मी कसेतरी काढले. एका बँकेच्या लिफ्टच्या विहिरीत उभं राहून, वर टांगलेल्या डब्याच्या पोटाखाली, आईला परत नेलं तर शिडी, टाकं आणि पावाची गाडी, आणि नेलं नाही तर काय, याचा हिशेब करत होतो. तो लागत नव्हता, आणि वरून कुणीतरी विचारत होतं की अजून किती वेळ. गुरुवारी सकाळी आई बाजारात गेल्यावर मी खोड काढून पोत्यात बांधलं आणि पेटीवर भाजीची रिकामी टोपली उपडी घातली, म्हणजे ते तिथे आहे असं वाटावं. संध्याकाळी गॅरेजात मास्तरांना एका बाजूला घेतलं. पण पोतं उघडण्याआधी विचारलं, की मुळं नसताना नुसत्या पोटातल्या साठ्यावर झाड किती दिवस पाला धरतं?

"ते झाडावर अवलंबून. म्हातारं आहे का?"

"म्हातारं आहे."

"किती?"

"त्र्याहत्तर."

मास्तरांनी चष्मा काढला. "इतकं नेमकं?"

मी पोतं त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी चष्मा परत घातला, पोतं सोडलं, खोड उलटं करून दिव्याखाली धरलं आणि नखाने तळाची कड खरवडली. बराच वेळ ते स्टॉपवर कुणी उतरायचं राहिलंय का बघावं तसं बघत होते. मग मला जवळ बोलावलं. करवतीच्या कापाच्या कडेला, सालीखालून, तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके आले होते. प्रत्येकाचं टोक मोडलेलं. काही काळे पडलेले, काही अगदी ताजे.

"मुळं आली होती," ते म्हणाले. "एकदा नाही, सात-आठ वेळा आली. दर वेळी कुणीतरी हे उचलून बघतंय आणि परत ठेवतंय. तू बांधलं नव्हतंस पेटीला?"

मला वाटलं होतं की बारा किलोची वस्तू आपोआप जागेवर राहते. हे मी त्यांना सांगितलं. तार कशाला असते मग, त्यांनी विचारलं, आणि हे आठ वर्षं शिकवल्यावर विचारावं लागतंय याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. मग म्हणाले, परत काप, परत लाव, बांध, आणि त्याच्याकडे बघू नकोस. जाताना पोत्याला गाठ मारून देत म्हणाले, "आणि त्या त्र्याहत्तरवालीला माझा नमस्कार सांग."

घरी पोचलो तर आई टेबलाशी शेंगा सोलत बसली होती. टोपली तिने उचलून जागेवर ठेवली होती, म्हणजे तिला कळलं होतं. मी पोतं टेबलावर ठेवलं. घरात राहणारी माणसं दोनच, आणि त्यातला मी नव्हतो, त्यामुळे तपास लांबला नाही. मी विचारलं, आई, तू हे उचलून बघायचीस?

ती म्हणाली, रविवारी. फक्त रविवारी. तू मंडळाचं गॅरेज साफ करायला जायचास तेव्हा. तिचे वडील कलमं बांधायचे, आयुष्य त्यात गेलेलं, आणि तिला झाडाचं कळतं असं तिचं म्हणणं होतं, पण डोंगरात कुणी झाडाला बुंध्याशी कापून पेटीत घालत नाही, त्यामुळे तिला धीर धरवत नव्हता. तू रोज त्याच्यापुढे असा उभा राहायचास, ती म्हणाली, आणि मला वाटायचं, हे मेलं तर या पोराचं काय होईल. म्हणून बघायची, आलंय का काही. अगदी थोडं उचलायची.

"अगदी थोडं उचललं तरी तुटतं, आई. केसाएवढी असतात ती."

"मला काय माहीत."

"सहा महिने! रोज उठून ते परत परत मूळ धरायला बघत होतं आणि तू—"

"आणि तू?" आई म्हणाली. तिने शेंग खाली ठेवली नाही, आवाजही चढवला नाही. "मी तर रविवारचीच. तू रोज रात्री मला उपटून बघतोस. बरं वाटतंय ना, बरं वाटतंय ना. जरा कुठे विसरायला होतं की मी कुठून आलेय, की तुझं जेवण संपतंच."

रेडिओ चालू होता. कुणीतरी बटाट्याबद्दल बोलत होतं. आम्ही दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"आणि ते पलंगाचं," आई म्हणाली. "गावी माझं डोकं दक्षिणेला असायचं."

मी म्हटलं, शक्यच नाही, ऊन डाव्या गालावर यायचं. ती म्हणाली, तुझ्या. तू पायथ्याशी झोपायचास, उलटा. रात्रभर माझ्या नाकाशी तुझे पाय. मी डोळे मिटले आणि परत त्या पलंगावर गेलो, आणि खरंच, समोर आईचे मोजे होते, करड्या लोकरीचे, टाचेला रफू केलेले. सत्तावीस वर्षं ते माझ्या आठवणीत होते आणि मी त्यांना उशी समजत होतो.

"मग बोलली का नाहीस?"

"एवढं यंत्र घेऊन आला होतास," ती म्हणाली. "घाम आला होता तुला."

त्याच संध्याकाळी आम्ही झाड परत लावलं. मी तळाचा नखभर काप काढला, फुटवे दोन ठेवून बाकीचे छाटले. आईने खडे धुतले. तार पेटीच्या भोकांतून ओवून बुंध्यावरून नेली, खाली टायरच्या तुकड्यांची घडी घातली म्हणजे साल कापू नये, आणि शेवटचा पीळ आईने पकडीने स्वतः दिला, जुळून आलेल्या मनगटाने, दात दाबून. वरून प्लास्टिकची पारदर्शक पिशवी. निळी खूण अजून होती. ती उत्तरेला ठेवली. पलंगाचं काय करायचं ते कुणी काढलं नाही. मी विचारणार होतो, दक्षिणेला फिरवू का, पण ते विचारणंही उपटण्यातच आलं असतं.

जुलै फार अवघड गेला. जेवण संपलं की प्रश्न घशाशी यायचा, सहा महिन्यांची सवय. तोंड उघडलेलं असायचं, काहीतरी बाहेर काढणं भाग होतं, म्हणून एके रात्री मी म्हटलं, आई, ऑक्टोपसबद्दल तुझं काय मत आहे? तिने सुरी खाली ठेवून विचार केला आणि म्हणाली, डोकं चांगलं आहे त्याला, पण दगड सोडत नाही म्हणून सापडतो. दुसऱ्या दिवशी मी घड्याळांबद्दल विचारलं. मग पोर्तुगालबद्दल. ती प्रत्येकाला उत्तर द्यायची, काहींना दुसऱ्या दिवशी सकाळी, अंड्याबरोबर. ऑगस्टमध्ये दोन्ही फुटवे वाळले आणि गळून पिशवीच्या तळाशी पडले. मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, बघू नकोस म्हटलं होतं ना? मग मी बघितलं नाही. बाल्कनीत कपडे वाळत घालताना मी तोंड फिरवायचो, आणि आईही फिरवायची, आणि आम्ही दोघे एकाच वेळी कपडे वाळत घालत असलो की दोरीवरचे निम्मे चिमटे खाली पडायचे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कामावरून लवकर सुटलो. कोपऱ्यावरच्या बेकरीतली मुलगी पाव देताना म्हणाली, तुम्ही पोलोनियाबाईंचे चिरंजीव ना? गेली नऊ वर्षं मी तिथेच पाव घेतो आणि आतापर्यंत मी नुसता लिफ्टवाला होतो. आई आली तेव्हा ती लिफ्टवाल्याची आई झाली होती. मी हो म्हटलं. समोरच्या बाकावर कोलोमाबाई बसल्या होत्या आणि त्यांच्याशेजारी हिरव्या स्वेटरातली कुणी बाई बदामाची मिठाई खात मोठ्याने हसत होती. चांगला स्वेटर आहे, मला वाटलं, कुठेतरी पाहिलेला. जिना चढताना, कारण लिफ्ट बंद होती आणि ती मीच बंद केली होती, दुसऱ्या मजल्यावर लक्षात आलं की ती आई होती. स्वेटर बाबांनी दिलेला. तो उजव्या दारामागे होता.

घरात शिरून आईच्या खोलीकडे गेलो. पोट आत घेतलं, आडवा झालो, मूठ फिरवली आणि खांद्याने दार ढकललं, आणि ते हातातून सुटून सबंध उघडलं आणि भिंतीवर आपटलं. मी जवळजवळ पडलोच. पलंग खिडकीखाली, भिंतीला लागून होता. डोकं उत्तरेला नव्हतं. दक्षिणेलाही नव्हतं. स्वयंपाकघराच्या बाजूला होतं, जिथून झोपल्या झोपल्या रेडिओ ऐकू येईल. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईने एकटीने तो पलंग कसा सरकवला असेल ते फरशीवरच्या चार लांब ओरखड्यांवरून दिसत होतं. मध्ये तीनदा थांबली होती. कपाटाची दोन्ही दारं उघडी होती. आणि उशीच्या वर, पांढऱ्या भिंतीवर, माझ्या निळ्या खडूने एक खूण केलेली होती, छोटी, जाडसर, दोनदा गिरवलेली.

मी दार ओढून घेतलं आणि परत एकदा उघडलं. परत सबंध उघडलं.

रात्री आईने बीन्सची भाजी केली होती. पाव टोमॅटो चोळून, तेल घालून. खिळ्यावर किल्ली होती, तिच्यावर आईने बाजाराची पिशवी अडकवली होती. बाल्कनीतल्या पिशवीत काय चाललंय ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. जेवण संपलं. प्रश्न वर आला, ओठापर्यंत आला, मी पाणी प्यायलो.

"आई," मी म्हटलं, "म्हाकुलाबद्दल तुझं काय मत आहे?"

आईने हिरव्या स्वेटरच्या बाह्या वर सारल्या, दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि छताकडे बघितलं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली. "घाई आहे का तुला?"

"नाही," मी म्हटलं.